कसरीनं खाल्लेला ‘ष’

सन एकोणीसशे एकोणसत्तर, आणि मीही एकोणसत्तरचाच. साल आणि मी बरोबरीनं चालत आलो हे मला तूच सांगितलं होतंस, अक्का. तुला आकडा वाचता येत नव्हता, पण आईनं सांगितलेलं एकूण एक तुझ्या ध्यानात असायचं. तू माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. यापलीकडे तुझी माहिती मी लिहिणार नाही. माझा मुलगा यशवंता जळगावहून आला तेव्हा म्हणाला, नाना, आपल्या समाजाच्या मासिकात आत्याबद्दल चार ओळी द्यायच्या आहेत. माहेर, सासर, स्वभाव एवढं सांगा, मी लिहून घेतो. मी म्हटलं, माझी बहीण आहे, मीच लिहीन, आणि तसलं लिहिणार नाही. माहेर काय आणि सासर काय, विसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं, कडेवर मथुराला घेऊन तू या घरात परत आलीस ती इथलीच झालीस. आणि स्वभाव? प्रेमळ लिहिलं तर सगळं गाव हसेल. तुझ्या तोंडाला लागायला पोलीसपाटीलसुद्धा कचरायचा.

मला लिहायचं आहे ते एका अक्षराबद्दल. ते तुला ठाऊक आहे, आणि त्याच्यावरून आपलं भांडण पाच वर्षं चाललं हेही ठाऊक आहे. भांडण मिटायच्या आधीच तू उठून गेलीस. आता माझी बाजू मला एकट्यालाच मांडायची आहे, आणि तुझीही मलाच.

मथुराचं लग्न पहूरला मी जमवलं होतं. घर बरं होतं, जावई बरा होता, त्यात माझं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढं, नऊ वर्षांपूर्वी. पहूरहून माणूस आला की मथुराला मुदतीचा ताप आहे, अक्काला घेऊन या. त्या दिवशी कपाशीचा शेवटचा वेचा होता, बाया रानात उतरल्या होत्या. मी म्हटलं, उद्या निघू, ताप काय एका दिवसात पळून जातो? गाठोडं बांधून ओट्यावर जाऊन बसलीस आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून होतीस. दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं पाचोऱ्याला पोचलो तर जामनेरकडची छोटी गाडी निघून गेलेली. पुढची गाडी धरून पहूरला गेलो, तोवर माणसं मथुराला नेऊन, आंघोळ करून परत आली होती. जावई दारात ओल्या धोतरानं उभा होता. तू त्याला एकच विचारलंस, तिनं मला हाक मारली होती का. तो हो म्हणाला. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर वर्षभर तू माझ्याशी बोलली नाहीस. भाकर वाढायचीस ती ताटाकडं बघून. तुझी भावजय मधे पडायची, निरोप इकडचा तिकडं करायची. तुझं चित्त कुठंच ठरत नव्हतं. निवडलेली दादर ज्वारी परत सुपात घेऊन निवडायचीस, मग पुन्हा. भेटायला आलेल्या बाया समजूत घालायच्या, बाई, तुनी पोर मोठी गुननी व्हती. त्यावर तू फणा काढायचीस. “व्हती म्हनू नका,” म्हणायचीस. बाया घाबरून उठून जायच्या. हळूहळू त्या यायच्याही बंद झाल्या.

मी मराठी तिसरी शिकलेला. पण आपल्या आळीत तेवढंही कोणी शिकलेलं नव्हतं, म्हणून बापाची पोथी माझ्याकडं आली आणि मी छाती फुगवून वाचायला बसायचो. श्रावणात दुपारी ओसरीवर. एका एका अक्षरावर बोट ठेवून आधी पोथीचं वाचायचं, मग त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा. आळीतली पाचसात माणसं असायची, धनजी भिंतीला टेकून घोरायचा. तू पाठ करून बसायचीस, सुपात दादर. मला वाटायचं, तू माझा आवाज ऐकू येऊ नये म्हणून जास्तच जोरात पाखडतेस.

त्या श्रावणात ते पान आलं. सगळं जग मावळतं, चंद्र-सूर्य जातात, नाव जातं, रूप जातं, बघणारा जातो, असं ते पान सांगत सांगत खाली उतरतं. उजवीकडची कड कसरीनं खाल्ली होती. शेवटच्या ओळीत मी बोट ठेवत गेलो, आणि शेवटचं अक्षर आलं ‘शे’. पुढं भोक. मी वाचलं, शे, आपल्या बोलीतलं ‘आहे’, आणि थांबलो.

तुझं सूप थांबलं. वर्षात पहिल्यांदा तू माझ्याकडं वळून बघितलंस.

“काय शे?”

मी पान उलटून पाहिलं. पलीकडं दुसराच विषय चालू झाला होता. मी म्हटलं, काय ते लिहिलेलं नाही. नुसतं शे.

“बठ्ठं गयं, आनि शे?”

मी म्हटलं, सगळं गेलं आणि आहे, असंच आहे बुवा पोथीत, मी काय घरचं सांगतो का?

“परत वाच,” म्हणालीस.

तू माझ्याशी बोललीस, याचाच मला इतका हरिख झाला, की ते पान मी त्या दुपारी चार वेळा वाचलं. धनजी जागा झाला आणि म्हणाला, नाना, हे मघाशीच झालं ना?

तुला आठवतं, पुढं तीन वर्षं मला दुसरं पान वाचू दिलं नाहीस. श्रावण संपला, कापूस आला, दादर पेरली, तरी दुपार झाली की तुझं टुमणं, नारान, वाच. मी चिडून म्हणायचो, अक्का, बाकीची पानं काय कसरीसाठी ठेवायची का? तू म्हणायचीस, ती कसरलेच वाच. मी नाक मुरडत वाचायचो, पण वाचायचो. कारण मला दिसत होतं. आधी तू एकदाच निवडायला लागलीस. मग भावजयीवर डाफरणं कमी झालं. ज्या दिवशी गारांनी उभी दादर झोपली, त्या दिवशी मी शेताच्या बांधावर बसून आभाळाला शिव्या देत होतो, आणि तू खाली पडलेली कणसं ओटीत वेचत होतीस, जशी रोजची भाजी तोडावी तशी. मी ओरडलो, तुला काहीच कसं वाटत नाही? तू म्हणालीस, वाटस ना. वाटस ते बी शे. आणि पुन्हा वाकलीस.

मला त्या वेळी तुझा राग आला. मी पोथी वाचणारा, अर्थ सांगणारा. आणि माझ्याच तोंडचं अक्षर तुला पावलं, मी मात्र कोरडा. हे मी कधी कबूल केलं नाही, आज करतो. मला वाटायचं, ही दगड झाली. पण दगड झालेलं माणूस परसातल्या बाळंत कुत्रीसाठी कण्या शिजवत नाही. तू पहूरला निरोप धाडून जावयाची दुसरी बायको आणि तिची पोरं दिवाळीला बोलावून घेतलीस, त्या पोरांना मांडीवर घेऊन न्हाऊ घातलंस. मथुराची जागा घेणारीला तू साडीचोळी केलीस. मला ते जमलं नसतं. मी तर त्या जावयाशी आजही धड बोलत नाही.

एकदा मी विचारलंच. तू चुलीशी होतीस, कळण्याची भाकर तव्यावर होती. म्हटलं, अक्का, तुला त्या अक्षरात सापडतं तरी काय? मला वाटलं, मथुराचं नाव घेशील आणि मग मी ते गाडीचं बोलून टाकीन. तू भाकर उलटलीस, आणि म्हणालीस, “आधी माले वाटे, मथी शे. मंग वाटनं, मी शे. आते मथी नई, मी नई. नुसतं शे.”

मी म्हटलं, मग तिथं उरतं कोण?

“हाई इचारनारा कोन शे, त्याले दख.”

मी म्हटलं, माझ्याशी बुवाबाजी करू नको. तू हसलीस, भाकर माझ्या ताटात टाकलीस. गाडीचं बोलायचं राहूनच गेलं.

नंतर ते चौसष्टचं चातुर्मासाचं आक्रित. भडगावहून एक बुवा आले होते, रामाच्या देवळात रोज निरूपण. माणूस चांगला होता, शिकलेला, बोलणं शहरी. त्यांना कोणीतरी सांगितलं की नाना पोथी वाचतात. त्यांनी मला मानानं पुढं बसवलं आणि म्हणाले, तुमच्या आवडीचं एखादं पान वाचा. मी दुसरं कुठलं वाचणार? बायांच्या बाजूला तू बसली होतीस. मी चढ्या आवाजात वाचलं, आणि शेवटी ‘शे’ असं म्हणून, जसं तुझ्यासाठी थांबायची सवय लागली होती, तसा थांबलो. बुवांनी पोथी हातात घेतली, कड बघितली, आणि फार हळू आवाजात म्हणाले, “नाना, इथं कसर लागली आहे. हे ‘शे’ नाही, ‘शेष’ आहे. शेष म्हणजे उरलेलं. पुढचा ष गेलाय.”

ते हळू बोलले, पण देऊळ शांत होतं. मागून धनजी माझ्या मदतीला म्हणून ओरडला, “म्हंजे नाना, ते शेष शे.”

सगळं देऊळ हसलं. बुवाही हसले. तीन वर्षं मी चूक वाचलं, आणि पुढं बसून वाचलं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव शे नाना पडलं. पारावरून गेलं की कोणीतरी म्हणायचं, शे नाना उनात, आले शे नाना. पानाच्या टपरीवर, न्हाव्याकडं, लग्नाच्या पंगतीत. साठ वर्षं मी ज्या गावात मान वर करून चाललो, तिथं माझी ओळख एका खाल्लेल्या अक्षरावर आली. मी पोथी लाल फडक्यात बांधली, कणगीमागच्या फळीवर ठेवली, आणि शपथ घेतली की पुन्हा वाचीन तर नावाचा नारायण नाही.

तू दुसऱ्या दिवशी दुपारी सूप घेऊन येऊन बसलीस. मी म्हटलं, जा, उठ. तुझं ते शे चूक होतं. बुवांनी सांगितलं ऐकलं नाहीस का? चुकीच्या अक्षरावर कोणाला शांती मिळत नसते. तुझं सगळं खोटं होतं.

अक्का, हे मी तुला बोललो. रागात बोललो, पण शब्द एकूण एक मी निवडून घेतला होता. मला हसू झालं होतं, म्हणून मला वाटत होतं तुझंही काहीतरी मोडावं. मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिलो, की आता ही परत मथुरा गेली तेव्हासारखी होईल का. तू सूप खाली ठेवलंस. मग विचारलंस, शेष म्हणजे काय सांगितलं बुवांनी? मी म्हटलं, उरलेलं.

“कसरनी ष खादा ना?”

खाल्ला.

“मंग उरनं काय?”

मी जोडे जवळ ओढले.

“शे,” म्हणालीस, आणि खदखदून हसलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “मंग बुवा बी खरा, तू बी खरा, कसर बी खरी.”

मी उठून शेतात निघून गेलो. मला वाटलं, अडाणी बाई आहे, शब्दांशी खेळते आहे. पाच वर्षं तू अधूनमधून म्हणायचीस, नारान, वाच ना रे. मी म्हणायचो, बुवांच्या शिष्याला बोलाव. तू म्हणायचीस, माले तुनाच आवाज पाह्यजे, तो चुकस तठेच माले दिसस. मी म्हणायचो, मी चुकत नाही. हे आपलं भांडण. गावात याला भांडण म्हटलं नसतं, कोणी आवाज चढवला नाही. पण मी हटलो नाही आणि तूही नाही.

यंदा उन्हाळ्यात तू खाटेवर पडलीस. डॉक्टर म्हणाला, वय झालं. खाणं सुटलं, बोलणं कमी झालं. जायच्या चार दिवस आधी, दुपारीच, तू हातानं खूण केलीस. मला कळलं काय मागते आहेस. फळी तिथून चार पावलांवर होती. मी म्हटलं, अक्का, माझा चष्मा फुटला आहे. चष्मा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, आणि त्याची काडी वर दिसत होती. तू त्या काडीकडं बघितलंस. मग म्हणालीस, “ऱ्हाऊ दे. माले पाठ शे.”

मी तुझं नऊ वर्षांचं देणं असलेलं एक वाक्य घेऊन तिथं बसलो होतो, की त्या दिवशी निघायला पाहिजे होतं, माझं चुकलं. ते माझ्या ओठापर्यंत आलं. पण खोटं बोलल्यावर त्याच तोंडानं खरं कसं बोलावं, ते मला जमलं नाही. तू डोळे मिटलेस. तुझा चेहरा, अक्का, पेरणी आटोपून हात धुतलेल्या माणसासारखा होता. माफ केलंस की नाही हे मी तुला विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. आता वाटतं, तुझ्याकडं माफ करायला काही शिल्लकच नव्हतं. पण माझ्याकडं आहे. ते मी इथं लिहितो, छापून आलं तर येऊ दे: त्या दिवशी निघायला पाहिजे होतं. माझं चुकलं.

तू गेल्यावर यशवंतानं सगळं नीट केलं. दहा दिवस पोथी वाचायला भडगावहून माणूस आणला, नवी छापील पोथी, एकही अक्षर गेलेलं नाही. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. वाचणारा स्वच्छ वाचायचा, अडखळायचा नाही. नवव्या दिवशी दुपारी ते पान आलं. त्यानं सरळ वाचलं, शेष, आणि पुढं गेला. कोणी दचकलं नाही. कोणाचं सूप थांबलं नाही. मला वाटलं, पाण्याचा हंडा दारावरून नेला आणि एक थेंबही सांडला नाही.

वाचन संपल्यावर बाया तुझ्याबद्दल बोलायला लागल्या. एक म्हणाली, अक्का मोठी जबर बाई व्हती. दुसरी म्हणाली, तोंडानी फटकळ व्हती, पन मननी साफ व्हती. आणि माझ्या तोंडातून, माझ्या नकळत, बाहेर पडलं, “व्हती म्हनू नका.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. यशवंता उठून जवळ आला, त्याला वाटलं मला चक्कर आली. मला काही झालं नव्हतं. पहिल्यांदाच मला धड कळलं होतं, की तू त्या बायांवर का चिडायचीस, आणि पुढं का चिडेनाशी झालीस. दोन्ही एकदमच कळलं. छातीत दुखत होतं ते दुखतच होतं, पण त्या दुखण्याच्या खाली जमीन लागली. मला ते याहून चांगलं सांगता येत नाही, मी तिसरी शिकलेला माणूस आहे.

मी वाचणाऱ्याला म्हटलं, महाराज, उद्या नदीवर जायच्या आधीचं वाचन मी करणार. तो अवघडला. म्हणाला, आबा, आपण वाचाल, पण दहाव्या दिवसाचं आहे, शुद्ध वाचलं गेलं पाहिजे. यशवंताही म्हणाला, नाना, पुन्हा लोक हसतील. म्हातारा धनजी ओसरीच्या कडेला बसला होता, आता त्याला ऐकू कमी येतं. त्यानं शेजारच्याला विचारलं, कोन वाचस म्हने? शे नाना का?

मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, हो, शे नानाच.

शपथ मोडली म्हणून कोणी नाव बदलायला सांगितलं तर बदलीन. माझं दुसरं नाव तयार आहे.

तुझ्यासारखी शांती मला मिळाली असं मी म्हणणार नाही. मी तापट आहे, मला हसलेलं खपत नाही, जावयाशी बोलायचं अजून जड जातं. पण मी ठरवलं आहे. रोज दुपारी वाचणार, एकच पान, जितकी वर्षं माझी उरली असतील तितकी. इचारनारा कोन शे ते बघणार. तुला तीन वर्षं लागली, मला दहा लागतील, लागू दे. मी हट्टी आहे हे तू आयुष्यभर तक्रारीनं सांगत आलीस. आता तो हट्ट या कामाला लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, फळीवरून बापाची पोथी काढली, फडकं झटकलं. ओसरीवर माणसं जमली होती, नदीवर जायची तयारी चालली होती. मी बसलो, चष्मा लावला, बोट ठेवलं आणि वाचायला लागलो. पाच वर्षांनी आवाज फुटेना, पहिल्या दोन ओळी घोगऱ्या गेल्या. धनजी सरकत सरकत माझ्या गुडघ्यापाशी आला आणि कानामागं हात धरून म्हणाला, “नाना, जरा जोरम्हा वाच. माले आयकू येत नई.” मी बोट मागं नेलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.